तळपाय टेकेल तेवढी जमीन

प्रश्न एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: सासरी चुलत दिरांबरोबर तीस गुंठ्यांचा वाद चालू आहे. मध्यंतरी एका सभेत बाहेरगावच्या प्रचारकांनी बायबलातलं यहोशवा १:३ वाचून सांगितलं की विश्वासाने ज्या जमिनीवर पाऊल ठेवाल ती देव तुमच्या नावे करील. अट एकच, आज्ञा पाळा. दुसऱ्या दिवशी पहाटे घरच्यांनी त्या तुकड्याभोवती सात फेऱ्या मारल्या. ताईंना ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. त्या विचारतात, आज्ञापालन केलं की वतन मिळतं, असं शास्त्रात खरंच आहे का? आणि देवाने इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम याला देश ‘कायमचं वतन’ म्हणून दिला होता, तर पुढे तो इस्राएलाच्या हातून गेलाच कसा? वचन बिनशर्त होतं की सशर्त?

मी बत्तीस वर्षं पाळकाचं काम करतोय. त्यातली बरीच जुना करार शिकवण्यात गेली, आणि जमिनीच्या भांडणात मध्यस्थी करण्याचं काम तर पाळकाला न मागता मिळतं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो.

आधी छोटं उत्तर. देश मिळाला तो वचनामुळे. देशात टिकणं आज्ञापालनावर होतं. आणि ज्या आज्ञा पाळायच्या होत्या त्यांतल्या कितीतरी खुद्द जमिनीबद्दलच्या होत्या: बांध, सरवा (कापणीनंतर शेतात उरलेली कणसं), पडीक ठेवायचं वर्ष, विकलेलं शेत सोडवणं, मुलींचा हिस्सा. हे ध्यानात घेतलं की सात फेऱ्यांचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

आता ते वचन बघू. यहोशवा १:३ मध्ये ‘ज्या ज्या ठिकाणी तुमचा तळपाय पडेल’ असं आहे खरं. पण प्रचारक तिसऱ्या वचनावर थांबतात, चौथं वाचत नाहीत. चौथ्यात चतुःसीमा दिल्या आहेत, खरेदीखतात असतात तशा: अमुक रान, तो लबानोन, ती फरात नदी, मावळतीकडचा मोठा समुद्र. म्हणजे पाऊल कुठेही ठेवायचं नव्हतं. एका ठराविक राष्ट्राला, एका ठराविक वेळी, ठराविक हद्दीतला देश द्यायचा होता. त्या हद्दीबाहेर काय करायचं तेही लिहून ठेवलंय, आणि तिथे शब्द तेच आहेत. अनुवाद या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. इस्राएल लोक सेईर डोंगराजवळून जाणार असतात. तिथे एसावाचे वंशज राहतात, म्हणजे इस्राएलाचा पूर्वज याकोब याचे सख्खे भाऊबंद. देव त्यांचा पुढारी मोशे याला सांगतो, त्यांच्याशी झगडू नका, त्यांच्या देशातली तळपाय टेकण्याएवढीही जागा मी तुम्हाला देणार नाही, ती मी एसावाला वतन दिली आहे. अन्न लागलं तर पैसे देऊन घ्या. पाणीसुद्धा पैसे देऊन प्या. पुढे मवाब आणि अम्मोन लागतात, ते लोटाचे वंशज, म्हणजे अब्राहामाच्या पुतण्याचे. तिथेही तोच हुकूम. वचनदत्त देशाकडे निघालेल्या लोकांना वाटेत देवाने तीनदा बजावलं की भाऊबंदांच्या शिवाराला हात लावायचा नाही. चुलत दिरांच्या जमिनीवर यहोशवा १:३ लावणाऱ्यांनी हा अध्याय एकदा वाचावा.

तळपाय आणखी एका ठिकाणी येतो. प्रेषितांची कृत्ये ७:५ मध्ये स्तेफन म्हणतो की देवाने अब्राहामाला त्या देशात पाऊलभरही जमीन दिली नाही, फक्त वचन दिलं. ज्याच्या नावावर सगळी भिस्त, त्याच्या नावे त्या वचनातलं हयातभर काहीच चढलं नाही! सारा वारल्यावर तिला पुरायला जागा नव्हती. ती त्याने हेब्रोनला एफ्रोन हित्तीकडून विकत घेतली, चारशे शेकेल चांदी तोलून, गावच्या वेशीत साक्षीदारांसमोर. उत्पत्ति २३ हा अख्खा अध्याय म्हणजे एक खरेदीखत आहे. शेत, त्यातली गुहा, हद्दीवरची झाडं, सगळं नमूद आहे. ‘हा देश देवाने मला दिलाय’ असं सांगून एफ्रोनाला हटवायचं अब्राहामाच्या मनातही आलं नाही.

राहिल्या सात फेऱ्या. त्या यरीहोच्या: इस्राएलांनी त्या शहराला फेऱ्या मारल्या आणि तट कोसळला. पण यरीहो पडल्यावर तिथली चिंधीसुद्धा घरी न्यायची परवानगी नव्हती. त्यांच्यातल्याच आखानाने एक झगा, दोनशे शेकेल चांदी आणि सोन्याची एक वीट तंबूत पुरून ठेवली, त्याचं काय झालं ते सातव्या अध्यायात आहे. फेऱ्यांची गोष्ट सांगणारे तिथपर्यंत पोचत नाहीत.

आता मुख्य प्रश्न, बिनशर्त की सशर्त.

इब्री (हिब्रू) भाषेत ‘नहला’ असा शब्द आहे. मराठी शास्त्रात त्याला बहुतेक ठिकाणी ‘वतन’ म्हटलंय, आणि भाषांतर करणाऱ्यांना मी मनापासून दाद देतो. ‘मालमत्ता’ म्हटलं असतं तर अर्थ गेला असता. वतन ही सहसा बाजारातून विकत घ्यायची वस्तू नव्हती. ते मिळालेलं असे, पिढ्यान्‌पिढ्या चाले, आणि देणारा वर कोणीतरी असे. १८७४ च्या वतन कायद्यात वतनदाराला वतनाची जमीन सरकारी परवानगीशिवाय वतनदार घराण्याबाहेर देता येत नसे. पुढे १९५८ च्या कायद्याने महार वतनासकट गावकीची कनिष्ठ वतनं खालसा झाली आणि पुष्कळ जमिनी नवीन शर्तीवर परत दिल्या गेल्या. आमच्या नगर भागातल्या कितीतरी ख्रिस्ती घरांचा जमिनीशी संबंध असाच आलेला आहे. सात-बारावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं असतं. जमीन कसा, खा, मुलांना ठेवा. पण परवानगीवाचून विकली तर शर्तभंग, आणि शर्तभंग झाला तर सरकारजमा होण्याची टांगती तलवार.

लेवीय २५:२३ मध्ये देव इस्राएलाला हेच सांगतो. जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे. तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे म्हणून राहता. वर्गात मी हे वचन ‘भोगवटादार वर्ग २’ असं सांगितलं की मागच्या बाकावरचे शेतकरीही मान हलवतात. मग तीन तास व्याख्यान द्यावं लागत नाही.

तुलना इथे संपते, हेही सांगायला हवं. आपल्याकडचं वतन चाकरीच्या बदल्यात असे, पाटीलकी करा नाहीतर गावकीची कामं करा. इस्राएलाने चाकरी आधी केली आणि मग देश मिळाला, असं झालेलं नाही. अनुवाद ९ मध्ये मोशे हे लागोपाठ तीनदा म्हणतो: तुझ्या नीतिमत्त्वामुळे हा देश मिळतोय असं मनात आणू नकोस, तू ताठ मानेचा आहेस. आणि सर्वात मोठा पुरावा उत्पत्ति १५ मध्ये आहे.

तो प्रसंग सावकाश वाचण्यासारखा आहे. अब्राम विचारतो, देश माझं वतन होईल हे मला कळावं कशावरून? देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, होला आणि पारव्याचं पिलू आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध चिरतो आणि अर्धुकं समोरासमोर ठेवतो. हा त्या काळच्या कराराचा विधी. करार करणारे त्या तुकड्यांमधून चालत जात, म्हणजे ‘मी शब्द मोडला तर माझं असंच होवो’. यिर्मया ३४ मध्येही याचा उल्लेख आहे. अब्राम वाट बघत बसतो. गिधाडं यायला लागतात, तो ती हाकलतो. सूर्य कलतो, त्याला गाढ झोप लागते, भयाण अंधार पडतो. आणि मग त्या तुकड्यांमधून धुमसती भट्टी आणि पेटती मशाल पुढे जाते. देव एकटा चालत जातो. अब्राम झोपलेला आहे, त्याचं पाऊल त्या तुकड्यांमधून गेलेलंच नाही. शपथ एकाच बाजूने वाहिली गेली. वचन बिनशर्त आहे ते या अर्थाने, आणि ते नंतरच्या कुठल्याही पापाने रद्द झालं नाही.

पण एखादी पिढी त्या वचनाचा उपभोग घेईल की नाही हा वेगळा प्रश्न आहे. देश बघायला हेर पाठवले गेले तेव्हा जी पिढी भ्याली आणि उलटली, ती चाळीस वर्षं रानात फिरून संपली. ज्या लेकरांची लूट होईल म्हणून ते रडले होते तीच लेकरं देशात गेली. वचन पुढे सरकलं, ती माणसं मागे राहिली. लेवीय १८ मध्ये देव सांगतो की तिथे आधी राहणाऱ्या कनानी लोकांच्या किळसवाण्या कृत्यांमुळे जमीन त्यांना ओकून टाकतेय, आणि तुम्ही तसंच केलंत तर तुम्हालाही ओकेल. इथे जमीन कोणाची बाजू घेत नाही. आज विरोधकांना लागू, उद्या तुम्हाला. लेवीय २६ मध्ये तर दोन्ही गोष्टी एकाच अध्यायात आहेत: आज्ञा मोडाल तर देश ओस पडेल, तुम्ही राष्ट्रांत पांगाल, आणि शेवटी, तरीही मी याकोबाशी, इसहाकाशी, अब्राहामाशी केलेला करार आठवीन, आणि देशही आठवीन. शर्तभंगाने कब्जा गेला. करार गेला नाही.

ताईंनी विचारलेला प्रश्न यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी लोकांनीच उलटा करून विचारला होता. यरुशलेम पडलं, देवळाची राख झाली, आणि त्या ओसाड गावात उरलेले लोक म्हणू लागले: अब्राहाम एकटाच होता तरी त्याला देश वतन मिळाला, आम्ही तर पुष्कळ आहोत, देश आमचाच! यहेज्केल ३३:२४. म्हणजे वचनाचा कागद पुढे केला. संदेष्टा त्यांना विचारतो, रक्त पाडता, मूर्तींकडे डोळे लावता, शेजाऱ्याची बायको भ्रष्ट करता, आणि देश वतन करून घेणार? अब्राहामाचं नाव घेऊन जमिनीवर हक्क सांगायची युक्ती किती जुनी आहे आणि तिला काय उत्तर मिळालं, ते या दोन-तीन वचनांत आहे.

आता आज्ञापालन म्हणजे काय, याकडे येतो, कारण सगळी गडबड इथे होते. आपल्याकडे ‘आज्ञापालन’ म्हटलं की उपास, दशांश, रविवारची हजेरी, एवढंच डोळ्यापुढे येतं. मोशेचं नियमशास्त्र मात्र सारखं शेतात शिरतं.

अनुवाद ११ घ्या. मोशे म्हणतो, मिसर (इजिप्त) देशात तू बी पेरून भाजीच्या मळ्याला द्यावं तसं पायाने पाणी देत होतास. पायाने म्हणजे कसं, हे शहरातल्या विद्यार्थ्याला समजवावं लागतं. ज्याने रात्रीची वीज आल्यावर उसाला दारं धरली आहेत त्याला नाही. चिखलाचा बारका बांध पायाने फोडायचा, वाफा भरला की पायानेच बुजवायचा. मिसर असा बागायती देश होता, नाईलच्या भरवशावरचा. कनान मात्र डोंगर-खोऱ्यांचा, आकाशाचं पाणी पिणारा. साध्या भाषेत, जिरायत. शेतकऱ्याच्या दृष्टीने बघितलं तर बागायत सोडून जिरायतीत जाणं ही काही बढती नव्हे. आणि मोशे हे दुःखाची गोष्ट म्हणून सांगत नाही. ज्या देशावर वर्षभर देवाची नजर आहे तो देश, असं म्हणतो. पाऊस वरून यायचा असल्यामुळे दर वर्षी वर बघावं लागणार. देव आणि जमीन यांचं नातं त्या देशाच्या हवामानातच गोवलेलं होतं.

जाता जाता एक खुलासा. इथे मराठी शास्त्रात ‘आगोटीचा आणि वळवाचा पाऊस’ आहे. शब्द गोड आहेत, पण आपल्याकडे आधी वळीव आणि मग आगोट. तिकडे उलट आहे. पहिला पाऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात नांगरणी-पेरणीच्या वेळी येतो, शेवटचा मार्च-एप्रिलात कापणीच्या तोंडावर. उन्हाळा पूर्ण कोरडा. त्यामुळे आगोट म्हणजे पेरणीचा पाऊस आणि वळीव म्हणजे दाणा भरणारा पाऊस, असा अर्थ घेऊन वाचा. मी स्वतः पहिली काही वर्षं जूनचा पाऊस डोळ्यापुढे ठेवून हे शिकवत होतो.

मग बांध. अनुवाद १९:१४ म्हणतं, शेजाऱ्याच्या शेताची पूर्वजांनी घातलेली खूण सरकवू नको. अनुवाद २७ मध्ये हाच गुन्हा शापांच्या यादीत आहे, आंधळ्याला वाट चुकवणाऱ्याच्या आणि विधवेचा न्याय बिघडवणाऱ्याच्या पंगतीत. बांध कोरणारा माणूस कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. एका वर्षात तो काही करत नाही. दर नांगरटीला बोट-दोन बोटं आत. वीस वर्षांनी दोन फूट. दोन चुलत भावांच्या अशाच भांडणात मी एकदा मध्ये पडलो होतो. दोघेही मंडळीत पुढे बसणारे. धाकटा दर बुधवारी प्रार्थनेत ‘प्रभू, माझं वतन मला परत दे’ म्हणून रडायचा, सगळे आमेन म्हणायचे. शेवटी सरकारी मोजणी आणली. मोजणीदाराने खुंट्या ठोकल्या तेव्हा कळलं की अतिक्रमण धाकट्याचंच होतं, तेही त्याच्या नकळत. त्याच्या बापाने कोरलेला बांध होता. तो बराच वेळ त्या खुंटीकडे बघत उभा राहिला. बुधवारची ती प्रार्थना नंतर कोणी ऐकली नाही.

सरवा तर सगळ्यांना ठाऊक आहे, बवाजाच्या शेतात कणसं वेचणाऱ्या रूथ या विधवेच्या गोष्टीमुळे. कापणीच्या वेळी शेताचे कोपरे कापायचे नाहीत, विसरलेली पेंढी आणायला परत जायचं नाही, ते परक्याचं, अनाथाचं, विधवेचं. हे दान नाही. शेतमालकाचा त्यावर हक्कच नाही. बवाज चांगला माणूस, त्याने गड्यांना मुद्दाम चार कणसं गाळायला सांगितली. पण रूथला शेतात शिरायला त्याच्या चांगुलपणाची गरज नव्हती, नियम होता.

सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची. पन्नासावं वर्ष योबेलाचं: सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, शिंग फुंकायचं, आणि ज्याने अडचणीत जमीन विकली असेल त्याच्याकडे ती परत. यातली किमतीची रीत मला फार आवडते. लेवीय २५ म्हणतं, योबेलाला जितकी वर्षं उरली असतील त्याप्रमाणे किंमत लावा, कारण तो तुम्हाला पिकांची संख्या विकतोय. म्हणजे जमीन विकलीच जात नव्हती. अमुक इतकी पिकं आगाऊ विकली जात होती. आपल्याकडे दहा वर्षांच्या खंडाने शेत देतात तसं. चाळीस वर्षं उरली असतील तर रक्कम जास्त, पाच उरली असतील तर थोडी. मधल्या काळात जवळच्या नातेवाइकाने पैसे भरून सोडवलं तर सोडवता येई. तटबंदीच्या शहरातल्या घराला हा नियम नव्हता, वर्षभरात सोडवलं नाही तर ते गेलं. शेत मात्र कायमचं जाऊच शकत नव्हतं. एका पिढीने केलेल्या कर्जाने नातवंडं भूमिहीन होऊ नयेत, एवढी सोय त्यात होती.

पाळलं का कोणी? योबेल प्रत्यक्ष साजरं झाल्याची एकही गोष्ट शास्त्रात नोंदलेली नाही. पडीक वर्षांचं तर २ इतिहास ३६:२१ सरळ म्हणतं की सत्तर वर्षं देश ओसाड पडून आपले शब्बाथ भोगत होता. जी विश्रांती लोकांनी जमिनीला दिली नाही ती तिने लोकांना बाहेर काढून घेतली. ख्रिस्तपूर्व ७२२ मध्ये उत्तरेकडच्या राज्याची राजधानी शोमरोन अश्शूरांच्या हाती गेली, ५८६ च्या सुमारास यरुशलेम बाबेलच्या. त्या आधी यशया (‘घराला घर आणि शेताला शेत जोडणाऱ्यांनो’) आणि मीखा ज्या गुन्ह्यांवर ओरडत होते त्यांत मूर्तिपूजेबरोबर हे होतं: गरिबाची शेतं घशात घालणं. मीखाने तर त्यांना सांगितलं की पुन्हा वाटणी होईल तेव्हा तुमच्यासाठी मोजणीची दोरी टाकायला कोणी नसेल.

‘आज्ञा पाळा, जमीन मिळेल’ हे सूत्र कुठे मोडतं ते पाहायचं तर नाबोथ. १ राजे २१. इज्रेलात राजवाड्याला लागून त्याचा द्राक्षमळा. अहाब राजाने वाईट देऊ केलं नव्हतं: बदल्यात याहून चांगला मळा, नाहीतर रोख किंमत. आजच्या हिशोबाने उत्तम व्यवहार. राजाला तिथे काय करायचं होतं? भाजीचा मळा. इब्रीत हा शब्द तोच आहे जो अनुवाद ११ मध्ये मिसरासाठी आलाय. लिहिणाऱ्याने तो सहज वापरला असं मला वाटत नाही. राजा वचनदत्त देशातल्या द्राक्षवेली उपटून तिथे मिसर लावायला निघाला होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी द्यावं असं परमेश्वर न करो. लेवीय २५ चं याहून चोख पालन शास्त्रात सापडणार नाही. आणि झालं काय? राणी ईजबेलीने दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला गावाबाहेर धोंडमार केली. २ राजे ९ वरून कळतं की त्याची मुलंही गेली. आज्ञा पाळणाऱ्याची जमीन गेली, जीव गेला, वंश गेला. एलीया संदेष्टा अहाबाला त्याच मळ्यात गाठून शाप सांगतो, पण नाबोथ परत येत नाही.

देवाच्या सेवेला नेमलेल्या लेवी वंशालाही जमीन नव्हती, शिवारासकट अठ्ठेचाळीस गावं राहायला, बाकी परमेश्वरच त्यांचं वतन. मोशेने देश डोंगरावरून पाहिला आणि तिथेच मेला. तेव्हा जमीन असणं हे आज्ञापालनाचं प्रमाणपत्र आणि नसणं हा शाप, असं गणित कोणी मांडलं तर त्याला मोशेचं काय ते विचारा.

सलाफहादाच्या मुलींबद्दल थोडं लिहितो, कारण हा भाग आपल्या घरांत मुद्दाम गाळला जातो. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप रानात वारला, भाऊ नाही. पाचही जणी दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक आणि सगळ्या सरदारांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव का बुडावं? मोशेकडे उत्तर नव्हतं. देवाने सांगितलं, त्यांचं म्हणणं रास्त आहे. पुढे गणना ३६ मध्ये वंशातच लग्न करायची अट आली, म्हणजे हिस्सा दुसऱ्या वंशात जाऊ नये. ती अट त्या काळची, त्या व्यवस्थेची. पण त्या पाच नावांची यादी शास्त्रात चार वेळा येते, आणि यहोशवा १७ मध्ये त्या पुन्हा येऊन उभ्या राहतात: आमचं द्या. कालेबाची मुलगी अखसाही तशीच. बापाने तिला नेगेबकडची कोरडी जमीन दिली. ती गाढवावरून उतरली आणि म्हणाली, पाण्याचे झरेही द्या. त्याने वरचे आणि खालचे दोन्ही दिले. आता आपल्याकडे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. प्रत्यक्षात किती बहिणींकडून चहा पाजून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो, हे मी बघतो. तेच भाऊ नाबोथाचं वचन फ्रेम करून भिंतीवर लावतात.

यिर्मया संदेष्ट्याचं एक शेत राहिलं. साल ख्रिस्तपूर्व ५८७ च्या आसपास, बाबेलचं सैन्य यरुशलेमेला वेढा घालून बसलंय, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. चुलतभाऊ हनमेल येतो: अनाथोथचं माझं शेत घे, सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ तेव्हा शत्रूच्या टाचेखाली. असं शेत शुद्धीवरचा माणूस घेणार नाही. यिर्मया सतरा शेकेल चांदी ताजव्यात तोलतो (आजच्या मापाने दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर), खत लिहितो, सही-शिक्का करतो, साक्षीदार घेतो. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकायला हवीत. आणि सही झाल्यावर देवाला विचारतो की हे मी नक्की काय केलं? ताईंच्या घरच्यांनी ज्याला विश्वासाचं पाऊल म्हटलं, त्याच्याशेजारी हे ठेवून बघा. इथे विश्वासाला पूर्ण किंमत मोजावी लागली, चुलतभावाला पैसे मिळाले, आणि जमीन बघायला यिर्मया कधी जाऊ शकेल याची खात्री नव्हती.

बाबेलच्या बंदिवासातून लोक परत आल्यावरही सगळं जागेवर आलं असं नाही. नहेम्या ९ मध्ये लोक कबुली देतात, आमच्या पूर्वजांना दिलेल्या याच देशात आज आम्ही दास आहोत. नव्या करारात मग वतन हा शब्द त्या चतुःसीमांबाहेर जातो. रोम ४:१३ मध्ये अब्राहाम जगाचा वारस होतो, पेत्र अविनाशी वतनाबद्दल लिहितो, येशू म्हणतो की सौम्य लोक पृथ्वीचे वतनदार होतील. हे शेवटचं त्याने स्तोत्र ३७ मधून घेतलंय, आणि ते स्तोत्र पुन्हापुन्हा सांगतं की दुष्टाचं चाललेलं पाहून संतापू नको. आजच्या इस्राएल देशाच्या राजकारणात हे सगळं कोणी ओढायला लागलं की मी एवढंच म्हणतो, यहेज्केल ४७:२२-२३ आधी वाचा. नव्या वाटणीत तुमच्यामध्ये राहणाऱ्या परक्यांनाही वंशांच्या बरोबरीने वतन द्या, असं तिथे आहे.

तर ताई, तुमचे तीस गुंठे. येशूकडे गर्दीतून एक माणूस आला होता, लूक १२:१३: गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतन वाटून दे म्हणून. येशू म्हणाला, मला तुमचा न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमलं? आणि लोभाबद्दल दोन शब्द बोलून एका श्रीमंताची गोष्ट सांगितली, ज्याच्या जमिनीला पीक भरपूर आलं होतं. वाटणी त्याने केली नाही. मीही करणार नाही, आणि सभेतल्या प्रचारकांनीही करायला नको होती. तुमच्या घरच्यांचा हक्क असेलही; मला माहीत नाही. जुने फेरफार काढा, आजोबांच्या वेळचं वाटणीपत्र आहे का बघा, भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज द्या, आणि मोजणीच्या दिवशी दिरांना आणि सगळ्या नणंदांना बांधावर बोलवा. नणंदांना विसरू नका. आणि घरच्यांनी सात फेऱ्या मारल्याच आहेत, तर हद्दीचे दगड जागेवर आहेत का ते त्यात कोणी पाहिलं का, तेवढं विचारून घ्या.